डावे आटे

"घट्ट पायजे का मोकळा?" आबांनी लेथ बंद न करताच विचारलं.

मी त्यांच्यासमोर कागद धरून उभी होते. कागदावर मी खांबाचं चित्र काढलं होतं. स्टेनलेसचा पाइप, बाहेरून पंचेचाळीस एमएम, उंची माडीच्या जमिनीपासून वरच्या गर्डरपर्यंत. माझ्या मते चित्र झकास आलं होतं. आबांनी ते आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं, आणि दोन्हीत त्यांना काही फरक वाटला नाही.

"म्हंजे काय?" मी विचारलं.

"म्हंजे दोन्ही टोकांना आवळून टाकू का बेअरिंग घालू? आवळला तर जागचा हलणार न्हाई. बेअरिंग घातलं तर हात लावला की फिरणार."

मला हसूच आलं. पुण्यात आम्ही मुली क्लास सुटल्यावर चहाच्या गाडीवर याच प्रश्नाचा तासतासभर कीस पाडायचो. स्टॅटिक बरा की स्पिन बरा. आबांनी आयुष्यात पोल डान्स पाहिलेला नव्हता, आणि पहिलाच प्रश्न त्यांनी नेमका तोच टाकला.

"घट्ट," मी म्हणाले.

"आणि कशाला पायजे?"

आता आली का पंचाईत. "व्यायामाला. मल्लखांबासारखं असतंय."

"मल्लखांब लाकडाचा असतोय. त्येला एरंडेल लावत्यात. स्टीलचा मल्लखांब मी बघितला न्हाई."

"पुण्यात करतात."

"पुण्यात काय काय करत्यात," आबा म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात घातली. म्हणजे काम घेतलं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं घर इचलकरंजीत. पुढं वर्कशॉप, मागं दोन खोल्या, वर माडी. माझे वडील हिंदुराव लोहार, गावातल्या निम्म्या मागांचे सुटे भाग त्यांच्या हातचे. माझं नाव सुकेशिनी, पण घरात सुकी. पुण्यात एका जिममध्ये मी बायकांकडून एरोबिक्स करून घ्यायचे, आणि संध्याकाळी निलोफर मॅडमकडं पोल डान्स शिकायचे. वर्षभरात मी त्यांच्या क्लासमधली सगळ्यात तयार मुलगी झाले होते. हे मी माझ्या तोंडानं सांगायला नको, पण दुसरं कोण सांगणार?

मॅडम नवीन शाखा काढणार होत्या आणि तिथं शिकवायला त्यांना एकच मुलगी हवी होती. सोळा तारखेला निवड होती. पाच जणी, प्रत्येकीला चार मिनिटं, आणि खांब घट्ट की फिरता ते जिचं तिनं ठरवायचं. नेमका त्याच पंधरवड्यात क्लास रंगकामासाठी बंद झाला. बाकीच्या चौघी पुण्याच्याच, कुणाच्या घरी खांब, कुणाच्या मैत्रिणीकडं. माझ्याकडं काय होतं? लेथवाला बाप.

ती जागा मला हवी होती. वन-टू-थ्री-फोर ओरडून माझा घसा बसला होता, आणि खांबावर चढले की मला वाटायचं, बस, हेच. पण आबांना खरं कळलं तर खांब निघणार हेही नक्की होतं. आमच्या गावात त्या काळी पोल डान्स म्हटलं असतं तर लोकांच्या डोळ्यांसमोर बारच आला असता, आणि आबा त्याच गावचे.

तिसऱ्या दिवशी खांब तयार झाला. माडीचा जिना मध्येच वळतो, त्यामुळं अख्खा पाइप वर जाईना. आबांनी तो मध्यात कापला, आटे पाडले आणि वर नेऊन एकात एक पिळून बसवला. खाली जमिनीत चार बोल्ट, वर गर्डरला लोखंडी टोपी, टोपीत पाइपाचं टोक.

"मधल्या जोडाचं काय?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना बाराखडी येते का म्हणून विचारलं. "पाइप वाकंल. जोड सुटणार न्हाई. एकतीस वर्षांत माझा जोड सुटल्याला कुणी दाखवावा."

खांब फार छान झाला होता. जोडावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. मी दार लावून घेतलं, खाली गाद्या टाकल्या आणि सरावाला लागले.

आता माझ्याकडं येणाऱ्या मुली पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम, स्टॅटिक घेऊ की स्पिन? मी त्यांना सांगते की फिरत्या खांबावर खांब फिरतो आणि तुम्ही धरून राहता. दिसायला फार देखणं. घट्ट खांबावर तुम्ही फिरता. पाऊल टाकायचं, अंग झोकून द्यायचं आणि जेवढा जोर लावाल तेवढंच फिरायचं, वर फुकट काही मिळत नाही. मला तेच आवडायचं. माझी चार मिनिटं मी घट्टावर बसवली होती आणि ती अशी बसली होती की बाकीच्या चौघींची मला काळजी वाटायची.

पाचव्या दिवशी मी पडले.

वरच्या हाताच्या आधारानं फिरकी घेत होते, तेवढ्यात खांब मध्येच डुगडुगला. हात सुटला आणि मी कुल्ल्यावर आपटले. गाद्या होत्या म्हणून निभावलं. उठून पाहते तर जोड ढिला. हातानं पिळून घट्ट केला, परत चढले. दहा फिरक्या झाल्या आणि परत ढिला.

मी कपडे बदलून लंगडत खाली गेले. "आबा, तुमचा जोड सुटतोय."

आबांनी लेथ बंद केली. मी लहानपणापासून पाहत आले होते, चालू कामात आबा लेथ बंद करायचे ते फक्त लाइट गेल्यावर.

"माझा जोड?"

"बघा की येऊन."

ते वर आले. पान्यानं जोड असा आवळला की पाइप कुरकुरला. मग शर्ट काढला, बनियनवर उभे राहिले, उजव्या हातानं खांब वर धरला आणि स्वतःच गरगर फिरले. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. चौपन्न वर्षांचा माणूस, डोक्याला टक्कल, खाकी हाफ पँट. मी तोंडावर ओढणी धरून हसले.

"सुटला का?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

जोड सुटला नव्हताच, उलट आणखी आवळला होता.

"मग माझ्याकडनंच का सुटतोय?"

"तू काय तरी उलटंसुलटं करत असशील."

मी संध्याकाळी परत सराव केला. परत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. आता मात्र मला रडू यायला लागलं. सात दिवस राहिले होते आणि माझ्या हातात डुगडुगता खांब. आबांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट होती. दुपारी ताटावर बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून तसेच बसून राहिले.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"जोड सुटतोय," आबा म्हणाले. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेल्यावर बोलतात तसं.

हात धुऊन त्यांनी मला हाक मारली. "सुके, तू वर नक्की काय करतीस ते बघितल्याबिगर मला कळायचं न्हाई. चल, करून दाखव."

दार लावून मी काय करते ते आईला माहीत होतं, कारण माझे कपडे ती वाळत घालायची. पोल डान्स सलवार घालून होत नाही. कातडी खांबाला चिकटायला हवी, कापड आलं की माणूस सरकतो. सराव मी आखूड चड्डी आणि बिनबाह्यांच्या बनियनवर करायचे. त्या वेशात बापासमोर फिरक्या घ्यायच्या?

"सलवारीवर करतो मी," मी म्हणाले. आमच्याकडं मुलीही मी करतो, मी जातो असंच म्हणतात. निलोफर मॅडमनी त्यावरून माझी वर्षभर टिंगल केली होती.

मी सलवारीवर चढले आणि दोन फूट सरळ खाली घसरले. परत चढले, परत घसरले. आबा मागाच्या बॉबिनच्या रिकाम्या खोक्यावर बसून पाहत होते.

"हेच करतीस का रोज?"

आई जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "घाल की तुझी चड्डी. लहानपणी काय नऊवारी नेसून हिंडत होतीस?"

मी आत गेले आणि कपडे बदलून आले. आबांनी मान खाली घातली होती, कान तेवढे लाल झाले होते. माझेही झाले असणार. पण एक सांगते, त्या क्षणी मला लाजेपेक्षा राग जास्त होता. मनात म्हटलं, काढायचाच आहे ना खांब, काढा, पण मला काय येतं ते बघून काढा.

आबा उठले. खिशातून खडू काढला आणि जोडावर उभी रेघ मारली, निम्मी वरच्या पाइपावर, निम्मी खालच्या. "हं, फिर आता."

मी फिरले. साधी फिरकी नाही. माझ्या चार मिनिटांतला सगळ्यात अवघड तुकडा घेतला. तीन पावलं, अंग झोकून वरच्या हातावर, दोन्ही पाय हवेत लांब, मग गुडघ्याची मिठी, मग डोकं खाली, पाय वर. खाली आले तेव्हा धाप लागली होती. आबा माझ्याकडं पाहतच नव्हते. ते चष्मा कपाळावर सारून जोडाला नाक लावून उभे होते.

"परत."

मी परत केलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये बोटभर अंतर.

"परत."

परत केलं. अंतर वाढलं.

"आता उलट्या बाजूनं फिर. उजव्या हातानं धर."

"तसं मला नीट येत नाही."

"येईल तसं कर."

मी उजव्या हातानं धरून कसेबसे तीन-चार वेढे घेतले. आबा वाकले. रेघेचे तुकडे हळूहळू एकमेकांकडं सरकले होते.

आबा खोक्यावर बसले.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"काय कवापासून?"

"डावीकडनं फिरतीस ते."

"पहिल्यापासून. मॅडमनी खांबाला हात लावायला सांगितला तेव्हा डावाच गेला. त्या म्हणाल्या, असू दे."

आबांनी मान हलवली. उठले, पाना घेतला, वरची टोपी सोडली, खालचे चार बोल्ट काढले, दोन्ही पाइप खांद्यावर टाकले आणि जिना उतरले.

संपलं, मी म्हटलं. माडीच्या जमिनीला चार भोकं तेवढी राहिली. मी कपडे बदलले आणि बॅग भरायला घेतली. पुण्यात कुणाच्या तरी पाया पडून खांब मिळवायचा, दुसरा इलाज नव्हता. आई वर आली आणि बॅग पाहून म्हणाली, "कुठं निघालीस?"

"खांब काढून नेला की त्यांनी."

"मग काय वर बसून आटे पाडतील?" आई म्हणाली. "लेथ खालीच आहे."

मी खाली गेले. आबा लेथवर वाकले होते. मला इतकी वर्षं त्या यंत्राची चाल माहीत. हत्यार नेहमी उजवीकडून डावीकडं सरकायचं. त्या दिवशी ते डावीकडून उजवीकडं सरकत होतं. मी दारात उभी राहिले. आबांना कळलं मी आलेय, पण त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं जग उजव्या आट्यावर चालतंय," ते म्हणाले. "बोल्ट घे, नळ घे, बाटलीचं टोपण घे. उजवीकडं पिळलं की आवळतंय, डावीकडं पिळलं की सुटतंय. तू डावीकडं फिरतीस. दरवेळी जोड जरा जरा सोडवत होतीस. माझा जोड वाईट नव्हता."

"मी कुठं वाईट म्हणाले?"

"म्हणालीस." त्यांनी फुंकर मारून चुरा उडवला. "आता डावे आटे पाडतोय. जितकी फिरशील तितका आवळंल."

मी जवळ गेले. त्यांनी चालतं हत्यार थांबवलं.

"मला वाटलं हुतं मी ते मोडलं," आबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कसंतरीच झालं. मी पाच वर्षांची असताना डाव्या हातानं जेवायचे, डाव्यानं पाटीवर लिहायचे. आबांनी मागाच्या जुन्या चामडी वादीनं माझा डावा हात कमरेला बांधायला सुरुवात केली. जेवताना बांधायचे, अभ्यासाला बांधायचे. पावसाळा संपेपर्यंत चाललं ते. मी रडून गोंधळ घालायचे, पण शेवटी उजव्यानं लिहायला लागले, जेवायला लागले, आणि घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मी स्वतःही जवळजवळ विसरून गेले होते.

"का बांधत होता हो?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मशीन सगळी उजव्या हाताची असत्यात. लेथ, ड्रिल, माग, समदी. डावऱ्या माणसाचा हात आत जातोय. मला तुला ह्याच लेथवर उभी करायची हुती. पोरगा न्हाई म्हणून काय झालं, म्हटलं, पोरगी उभी राहील." त्यांनी चष्मा खाली ओढला. "तू काय उभी राह्यली न्हाईस. हात मात्र मी बांधला."

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच मी केलं नाही. लोहारांच्या घरात तशी पद्धत नाही.

"आणि हे व्यायाम न्हाई," ते लेथ चालू करत म्हणाले. "हा नाच हाय. मी काय आंधळा हाय?"

"हो. नाच आहे."

"मग तसं सांगायचं. व्यायामाचा खांब वेगळा, नाचाचा वेगळा. मी जोडावर आणखी हात फिरवला असता."

संध्याकाळपर्यंत खांब परत उभा राहिला. बसवता बसवता आबा म्हणाले, "बेअरिंग टाकून मोकळा केला असता तर एवढं करायची गरजच नव्हती. खांबच फिरला तर जोडावर जोर येत न्हाई. अजून करून देतो, सांग."

"नको. मला घट्टच पायजे."

पुढचे सहा दिवस मी त्या खांबावर तुटून पडले. जोड तसूभर हलला नाही. उलट निवडीच्या आदल्या दिवशी तपासायला म्हणून तो सोडवताना आबांना पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं, आणि ते काम करताना ते चक्क शीळ वाजवत होते.

सोळा तारखेला ते माझ्याबरोबर पुण्याला आले. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "तिथला खांब कुणी केलाय कुणास ठाऊक."

निवड एका हॉलमध्ये होती, स्टेजवर, समोर मुलींच्या घरची आणि क्लासची पन्नासेक माणसं. निलोफर मॅडम फॉर्म घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या बाई, केस बारीक कापलेले, मराठी अगदी पुणेरी.

"सुकेशिनी, काय लिहू? स्टॅटिक की स्पिन?"

"स्टॅटिक," मी म्हणाले.

लिहून झालं आणि वर पाहते तर आबा स्टेजवर. चपला पायरीशी काढल्या होत्या. खांबाला बोटानं टकटक करत ते मध्यावर थांबले, खडूनं रेघ मारली, दोन्ही हातांनी पाइप धरून डावीकडं पिळला आणि वाकून पाहिलं.

"कोण आहेत ते?" मॅडमनी विचारलं.

"वडील."

आबा तिथूनच म्हणाले, "बाई, ह्यो खांब दोन तुकड्यांचा हाय."

"हो काका. स्टेजला नेता यावा म्हणून तसा आणलाय. क्लासमधला अखंड आहे."

"ह्येचा जोड उजवा हाय."

"तीन वर्षं वापरतोय. एकदाही सुटला नाही."

"कारण सगळ्या उजवीकडनं फिरत्यात."

मॅडम उठून स्टेजवर गेल्या. त्यांनी रेघ पाहिली. बाई हुशार, जास्त सांगावं लागलं नाही. बाकीच्या चौघी पडद्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. एक जण हसली.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "हे बघ, मी जोखीम घेणार नाही. घट्ट लॉक केला आणि तू डावीकडून फिरलीस तर जोर जोडावर येणार. दोन रस्ते आहेत. एक तर आज उजवीकडून कर, तुला मी शेवटचा नंबर देते, तासभर तयारी कर. नाही तर मी लॉक काढते, स्पिनवर कर. मग जोडाला काही होत नाही. पण स्पिनवर तुला गरगरतं, ते मला माहीत आहे."

ते खरं होतं. फिरत्या खांबावर मी वर्षात पंधरा-वीस वेळा चढले असेन, आणि दरवेळी उतरल्यावर भिंत धरून उभी राहिले होते.

उजवीकडून मला जमलं असतं. देखणं नाही, पण सोप्या फिरक्या घेऊन बिनचूक जमलं असतं. उजवीकडून करायची मला लहानपणापासून सवय होती, जेवणापासून सहीपर्यंत. त्यात या चार मिनिटांची आणखी भर. मॅडम म्हणाल्या तसं शहाणपण त्यातच होतं, आणि मी खरंच तोंड उघडलं होतं बरं म्हणायला.

"बाई," आबा म्हणाले. स्टेजच्या कडेला हातात खडू घेऊन ते उभे होते आणि आवाज वर्कशॉपमधला होता, लेथच्या वर जाणारा. सगळ्या हॉलला ऐकू गेला. "माझी पोरगी डावरी हाय."

बस, एवढंच. पुढं काही नाही. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरात ऐकला नव्हता, आणि इथं पन्नास परक्या माणसांत ऐकला.

"लॉक काढा मॅडम," मी म्हणाले. "मी मोकळ्यावर करतो."

त्या दिवशी करतो म्हटल्यावर कुणी हसलं नाही.

मॅडमनी स्वतः वाकून लॉक काढलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाहेर बघायचं नाही. आपल्या वरच्या हाताकडं बघायचं. बाहेर पाहिलंस की गेलीस."

जागा मला मिळाली, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मॅडमनी नंतर माझ्या सतरा चुका काढल्या आणि सतराही बरोबर होत्या. माझी घट्टावरची चार मिनिटं मोकळ्यावर बसेनात. निम्म्या गोष्टी मी वाटेत सोडून दिल्या आणि जे सुचेल ते करत गेले.

मी डाव्या हातानं वर धरलं, तीन पावलं टाकली आणि अंग झोकलं. खांब निघाला. घट्टावर जिथं मी थांबले असते तिथं तो थांबला नाही. मी हाताकडं पाहत होते. बोटं पांढरी पडली होती. एक फेरी, दोन फेऱ्या, उलटी झाले, परत सुलटी झाले. कानात वारं भरल्यासारखं झालं. तिसऱ्या मिनिटाला मी गुडघ्याची मिठी घातली, मागं रेलले आणि मॅडमनी सांगितलं होतं तेच केलं नाही. मान वळवून बाहेर पाहिलं.

पहिल्या फेरीला आबा दिसले, पहिल्या रांगेच्या कडेला. ते जोडाकडं बघत होते. डोळे बारीक, ओठ मिटलेले.

दुसऱ्या फेरीलाही जोडाकडंच.

तिसऱ्या फेरीला त्यांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकानं पुसत होते.

चौथ्या फेरीला चष्मा डोळ्यांवर होता, आणि ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं चुकून असेल. पाचव्या फेरीलाही ते माझ्याकडंच बघत होते. हॉल सगळा एका बाजूला कलला होता, पण खांब मोकळा होता आणि तो मला परत परत त्यांच्यासमोर आणत होता. मी मान परत हाताकडं वळवलीच नाही.